कान्याचं बोट

या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्याच वर्गाच्या एक्क्याऐंशी सालच्या तुकडीचे विद्यार्थी माननीय श्री. अभय कोचरेकर. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत, पण निरोप द्यायची हिंमत आपल्यापैकी एकालाही नाही, ते आमचे गुरुजी श्री. गुणाजी बांदिवडेकर सर. व्यासपीठाच्या डाव्या टोकाला जुन्या टाइपरायटरमागे बसलेले, चाळीस वर्षं आमची यंत्रं जिवंत ठेवणारे माझगावचे ॲम्ब्रोज परेरा अंकल. सुबोध टंकलेखन वर्गाच्या नव्या संचालिका श्रीमती श्रेया घाडी. आणि या गोड गुलाबी पडद्यांच्या परळच्या लग्नाच्या हॉलमध्ये वऱ्हाडासारखं नटूनथटून आलेल्या माझ्या टंकलेखक भावंडांनो,

आपणा सर्वांना कांता मेस्त्रीचा नमस्कार.

बोलण्याआधी आजचा नियम सांगते, कारण सरांनी तो माझ्याकडूनच वदवून घ्यायचं ठरवलंय. ज्यांनी टाइपरायटर चालवला त्यांना सांगायला नको, पण मागे काही नातवंडं बसली आहेत त्यांच्यासाठी सांगते. यंत्रावर ओळ संपत आली की घंटी वाजते. घंटी झाली की साधारण सात अक्षरांची जागा उरते. हातातला शब्द तेवढ्यात पुरा करायचा, डाव्या हातानं कागद धरणारं कॅरेज मागे ढकलायचं, आणि ते मागे जाईपर्यंत उजवा हात मोकळा खाली सोडायचा. मग नवी ओळ. आज ॲम्ब्रोज अंकल आम्हा वक्त्यांच्या बोलण्यावर लक्ष ठेवून स्पेसबार दाबत बसणार आहेत. घंटी वाजली की वक्त्यानं शब्द पुरा करून गप्प व्हायचं, आणि सगळ्यांनी हात खाली सोडून मनगटं सैल करायची. अध्यक्षांनीसुद्धा. ज्यांच्या हातात या क्षणी मोबाइल आहे त्यांनी तर आधी.

मी आज दोन गोष्टी घेऊन आले आहे. एक म्हणजे हे भाषण, चार पानी, काल व्यवस्थित टाइप केलेलं. दुसरी गोष्ट म्हणजे एक वाक्य. ते अकरा वर्षं माझ्या तोंडात आहे आणि या हॉलमधल्या एका व्यक्तीला सांगायचं राहिलं आहे. भाषण मी कितीही करीन, सदतीस वर्षं सरकारी थाटाच्या कचेरीत काढलेल्या बाईला भाषणाची काय भीती? त्या छोट्या वाक्याचीच भीती वाटते. बघू या, किती घंट्या लागतात.

तर आधी सर.

मी वर्गात आले ती त्र्याऐंशी साली. गिरण्यांचा संप होऊन वर्ष उलटलं होतं, वडील घरी होते, आणि आई म्हणाली की एक तरी पोरगी खुर्चीवर बसून काम करणारी होऊ दे. लालबागला मसाल्याच्या डंकांवर, पहिल्या मजल्यावर आमचा वर्ग. नऊ यंत्रं, एक पंखा, आणि खालून येणारा मिरचीचा खकाणा. एप्रिल-मे महिन्यात बायका मसाला कुटायला रांगा लावायच्या तेव्हा तर वर आमची वेगाची परीक्षा शिंकत शिंकतच व्हायची. परीक्षेला बाहेरून आलेले एक साहेब पाच मिनिटांत सहा वेळा शिंकले आणि त्यांनी सगळ्यांना पास केलं, हे अभयरावांना आठवत असेल. त्यांचाही निकाल त्यातच लागला होता.

पहिल्या दिवशी मी यंत्राला हात लावायला निघाले तर सर म्हणाले, थांब. कोपऱ्यात जेवायला बसायच्या पाटांची चळत होती. कमी उंचीचे, जास्त उंचीचे, सगळे गिरणीतल्या मोडक्या पेट्यांच्या फळ्यांचे. सरांनी मला खुर्चीत बसवलं, माझे पाय जमिनीला टेकत नाहीत हे बघितलं, चळतीतला तिसरा पाट काढून पायाखाली सरकवला आणि वहीत लिहिलं, कांता, पाट तीन. तो माझा पाट. त्या दिवशी आम्ही एक अक्षरही टाइप केलं नाही. नुसतं बसलो. पाय पाटावर, पाठ टेकलेली, कोपर अंगाशी, मनगट सरळ. मनगटावर कॅरमची सोंगटी ठेवून सर पुढे जायचे आणि ती पडली की आवाजावरून ओळखायचे कोणाची पडली.

रोज वर्ग सुरू होताना सर विचारायचे, “पाट लावला का?” आम्ही कोकणातल्या पोरी. आमच्याकडे पाट लावणं म्हणजे बाईनं दुसरा घरोबा करणं. सरांनी विचारलं की आम्ही तोंडात पदर नाहीतर ओढणी कोंबून हसायचो. सर स्वतः मालवणकडचे, त्यांना कळत नसेल असं नाही, पण चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. घरी आईला मी पहिल्या आठवड्यात सांगितलं की सर रोज आमचा पाट लावतात, तेव्हा आई चप्पल घालून जिना उतरली होती. वर्ग बघून परत आली ती स्वतःच्या शिलाई मशिनच्या खुर्चीखाली पाट घेऊनच बसली.

पाट का, हे सरांनी प्रत्येक तुकडीला सांगितलंय. नव्या लोकांसाठी मी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सरांचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. उंचीनं कमी. साचा काही त्यांच्या मापाचा केलेला नव्हता, म्हणून त्यांनी पायाखाली एक फळी ठेवली होती. एक नवा जॉबर आला, जॉबर म्हणजे कामगारांवरचा मुकादम. त्याला ती फळी खटकली. गिरणी आहे, घर नाही, म्हणत त्यानं ती उचलून फेकली. वडील त्यानंतर अकरा वर्षं टाचा उचलून आणि खांदे वर ओढून काम करत राहिले. शेवटी उजवा हात खांद्यात असा धरला की त्यांना स्वतःचा सदरा घालता येईना. सर तेव्हा शाळेत होते, रोज सकाळी ते वडिलांना सदरा घालायचे. ही गोष्ट सांगून झाली की सर एवढंच म्हणायचे की यंत्राला आपल्या मापाला आणायचं, आपण यंत्राच्या मापाचं व्हायचं नाही. आणि लगेच पुढचा धडा.

ही घंटी झाली. हात खाली. मागच्या रांगेतले, तुम्हीसुद्धा.

बरं वाटलं ना? आम्हाला टाइपरायटरच्या जमान्यात ही विश्रांती दिवसातून हजार वेळा फुकट मिळायची आणि आम्हाला ती विश्रांती आहे हे माहीतही नव्हतं. ओळ संपली, हात उचला. पान संपलं, कागद काढा. कार्बन बदला. फीत अडकली, अंकलना निरोप द्या. अंकल माझगावहून यायचे, यंत्राचं पोट उघडायचे आणि आधी यंत्राला नाही, आम्हाला दटावायचे. म्हणायचे, पोरी, ठोक नको मारू, हाक मार. यंत्र बहिरं नाय. मला तेव्हा ते चेष्टेचं वाटायचं.

आता थोडं त्या बोटाविषयी, कारण पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय छापलाय: ‘टंकलेखन आणि हाताचं आरोग्य’. छापणाऱ्यानं ‘आरोग्या’च्या जागी आधी ‘भाग्य’ छापलं होतं असं ऐकलं. तेही चाललं असतं.

आपल्या मराठी कळफलकावर काना असतो उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. आता मराठीत काना किती लागतो ते मोजा. आणि त्यात आपल्या यंत्राची गंमत अशी की ख, ध, भ, श, ण ही अक्षरं पुरी नसतातच. अर्धं अक्षर मारायचं आणि काना देऊन ते पुरं करायचं. माझं सगळं आयुष्य ज्या टंकलेखन शाखेत गेलं त्यातला ‘शाखा’ हा शब्द घ्या. दोन अक्षरं. पण मधलं बोट आपटतं चार वेळा. श पुरा करायला एक, त्याचा काना एक, ख पुरा करायला एक, त्याचा काना एक. म्हणून मराठी टंकलेखकाचा हात दुखायला लागला की आधी तेच बोट बोलतं. सर त्याला म्हणायचे कान्याचं बोट. इंग्रजीवाल्यांना हे दुखणं कळायचं नाही. अंकलना कळायचं, कारण यंत्रातसुद्धा सगळ्यात आधी कान्याचीच कळ झिजायची.

मी त्या बोटावर फार गर्व केला. पंच्याऐंशी साली माझगावच्या एका मोठ्या कचेरीत लागले. कचेरीचं नाव घेत नाही, ती बिचारी माझ्यामुळे का बदनाम व्हावी? शाखेत सगळ्यात वेगवान मीच. साहेब लोक पाहुण्यांना माझं टेबल दाखवायचे. नव्याण्णव साली संगणक आले तेव्हा माझ्या वयाच्या बायका रडकुंडीला आल्या, मी नाही. कळफलक तोच होता, बोटं तीच होती. फक्त दोन गोष्टी बदलल्या आणि मला त्या कळल्या नाहीत. एक, संगणकाच्या कळांना नुसतं बोट टेकवलं तरी अक्षर उठतं. मी मात्र लोखंडी यंत्रावर ठोकत आले होते तशीच ठोकत राहिले. शिपाई म्हणायचा, मॅडम टाइप करतायत की खिळे मारतायत? ही चूक फक्त आपल्यासारखे लोक करू शकतात, आजची पोरं करणार नाहीत, ती वेगळ्या चुका करतात. आणि दुसरी गोष्ट, घंटी गेली. ओळ आपोआप खाली यायला लागली. हात उचलायचं कारणच उरलं नाही.

सुरुवातीला संध्याकाळी बोट जड व्हायचं. मग तळहाताला मुंग्या. मग मनगट ते कोपर अशी एक कळ, कणीक मळताना यायची. मग दरवाज्याची मूठ फिरवता येईना. डॉक्टरकडे तेव्हाच जायला हवं होतं, आज मी हे तुम्हाला माईकवरून सांगते. मुंग्या येणं, पकड सैल होणं, रात्र उलटली तरी दुखणं न उतरणं, यातलं काही असेल तर मलम चोळत बसू नका. मी बसले. क्रेप बँडेज बांधायची आणि त्यावर बांगड्या चढवायची. कोणी विचारलंच तर म्हणायची, घरी पाणी भरताना लचकला. सरांची पहिली आलेली विद्यार्थिनी, शाखेची प्रमुख, आणि तिचा हात दुखतो? शिवाय वर कुजबुज सुरू झाली होती की शाखा मोडून काम बाहेर द्यायचं. अशा वेळी कोण म्हणेल की आमचे हात थकलेत?

आणि अशा वेळी, दोन हजार तेरा साली, आमच्या शाखेत श्रेया घाडी आली.

करारावर आली होती. सरांच्या यंत्रावरच्या शेवटच्या तुकड्यांपैकी एकीतली. लांबून बघितलं तरी कळायचं, पाठ सरळ, कोपर अंगाशी. पहिल्या दिवशी तिनं कापडी पिशवीतून एक पाट काढला आणि पायाखाली ठेवला. संगणकावर तिनं एक घंटी लावून ठेवली होती. ठरावीक वेळानं ती वाजायची, की ही पोरगी हात खाली सोडून मनगटं हलवायची, लांब खिडकीकडे बघायची, आणि परत कामाला लागायची. उंदराची, म्हणजे माऊसची, जागाही तिनं जवळ घेतली होती, हात लांबवायला नको म्हणून. कागद आज डावीकडे, उद्या उजवीकडे, म्हणजे मान एकाच बाजूला वळायला नको. सगळं सरांचं. मला ती बघताच क्षणी सर दिसले. तुम्हाला वाटेल मला आनंद झाला असेल.

मला राग आला. आज शांतपणे विचार करते तेव्हा कळतं का आला. माझ्या बांगड्यांखाली जे झाकलेलं होतं ते ती न बोलता सगळ्यांना दाखवत होती. तिचा पाट बघितला की माझं मनगट दुखायचं.

जुन्या सेवापुस्तकांचं काम त्या वेळी आमच्या गळ्यात पडलं होतं. शेकडो हस्तलिखित पानं, तीन महिन्यांची मुदत. मी शाखेत उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “श्रेया, कोणाचा पाट लागतोय गं इथे? कचेरी आहे, घर नाही.”

शाखा हसली. त्या जुन्या विनोदावर, ज्यावर मी स्वतः वीस वर्षांची असताना ओढणी तोंडात कोंबून हसले होते. श्रेयानं पाट पिशवीत घातला आणि संध्याकाळी घरी नेला. दुसऱ्या दिवशी मी तिला घंटीही बंद करायला सांगितली, इतरांचं लक्ष विचलित होतं म्हणून. तिनं ती बंद केली. तिला बिचारीला नोकरी टिकवायची होती.

तुम्ही लक्षात घेतलंत का माझं वाक्य? कचेरी आहे, घर नाही. मी घरी जाऊन भाकरी थापताना मला ऐकू आलं की हे वाक्य माझं नाहीच. ते त्या जॉबरचं आहे. सरांच्या वडिलांची फळी उचलून फेकणाऱ्या जॉबरचं. एवढी वर्षं आम्ही ती गोष्ट ऐकली, त्या जॉबरला शिव्या घातल्या, आणि खुर्ची मिळाल्यावर मी त्याचंच वाक्य गिरणीच्या जागी कचेरी घालून बोलले. तरी दुसऱ्या दिवशी मी तिला पाट परत आणायला सांगितलं नाही, उलट तिची घंटी बंद करवली.

घंटी. बरोबर वेळेला वाजवलीत अंकल, मलाही पाणी हवंच होतं. हात खाली सोडा सगळ्यांनी.

पुढचं लवकर सांगते. दहाव्या आठवड्यात श्रेयाच्या हातातून चहाचा ग्लास सुटला. काच फुटली, चहा सेवापुस्तकावर गेला. मी आधी पुस्तक उचललं. तिच्याकडे बघितलं ते नंतर. ती डाव्या हातानं उजवं मनगट धरून उभी होती आणि म्हणत होती की मॅडम, ग्लास धरलाय असं मला वाटत होतं. हे वाक्य मला आजही आठवतं. ग्लास धरलाय असं वाटत होतं. तिला रुग्णालयात सांगितलं की एकच हालचाल विश्रांती न देता हजारो वेळा केल्यानं हाताचे स्नायुबंध सुजले आहेत, काही महिने काम बंद. तिचा करार नूतनीकरणाला आला तेव्हा शेऱ्याचा कागद माझ्याकडे होता. मी स्वतः टाइप केलं: कामाचा वेग समाधानकारक नाही. आणि सही केली. त्या वाक्यात काने किती आहेत ते मी त्यानंतर अनेकदा मोजलं आहे. सांगत नाही.

महिन्याभरानं सर कचेरीत आले. सदुसष्ट वर्षांचे होते तेव्हा, काखेत कापडी पिशवी. मी चहा मागवला. मी घाबरले होते, आता सर सगळ्यांसमोर बोलणार. सरांनी मात्र वर्गाच्या गोष्टी काढल्या, अंकलचा गुडघा कसा आहे ते सांगितलं. चहा आला. मी ग्लास डाव्या हातानं उचलला. सर बघत राहिले. मग मालवणीत, अगदी हळू, म्हणाले, “कान्याचा बोट दुखता मा गो तुझा?”

तीस वर्षांत मला कोणी माझ्या हाताबद्दल असं विचारलं नव्हतं. मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणाले, सर, तो जमाना गेला. आता संगणक आहेत, संगणकावर कसलं आलंय दुखणं. मी सरांना खोटं सांगितलं, सर, आणि तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं हे मलाही कळलं होतं.

सरांनी पिशवीतून श्रेयाचा पाट काढला. वाकले, आणि माझ्या टेबलाखाली सरकवला. सदुसष्ट वर्षांचा माणूस माझ्या पायाशी वाकला. म्हणाले, “तिका आता गरज नाय. तुका हा.” आणि जिना उतरून गेले.

त्या पाटावर मी नऊ वर्षं पाय ठेवले. डॉक्टरकडे गेले, पट्टा बांधला, व्यायाम शिकले, हळू टाइप करायला शिकले, जे मला सगळ्यात जड गेलं. शाखेतल्या अकरा जणींना लालबागहून अकरा पाट आणून दिले. टेबलं खाली करून घेतली, संगणकांचे पडदे डोळ्यांच्या उंचीला आणले, प्रत्येकीला घंटी लावायला लावली. कचेरीत माझं कौतुक झालं. एका परिपत्रकात माझं नावही छापून आलं, कर्मचाऱ्यांच्या आरोग्याविषयी जागरूक अधिकारी म्हणून. त्या परिपत्रकाची प्रत मी फाडून टाकली, पण ती फाडताना कोणी बघितलं नाही, त्यामुळे त्या फाडण्यालाही काही अर्थ नव्हता. माझ्याकडून एकच काम झालं नाही. कॉटन ग्रीनला श्रेयाचं घर आहे, माझगावहून चालत जाण्याइतकं जवळ. मी गेले नाही.

श्रेयाचं सरांनी काय केलं, ते मला वर्गातल्या जुन्या मैत्रिणींकडून फोनवर कळत गेलं. सहा महिने तिला वेणी घालता येत नव्हती. तिची आई घालायची. सरांनी तिला यंत्रापासून लांब ठेवलं आणि वर्गात मनगटं बघायला बसवलं. म्हणाले, तुला दुखतंय ना, म्हणून तुलाच दुसऱ्याचं आधी दिसेल. आणि दिसलंच. सरांना सोंगटी पडल्यावर कळायचं, तिला सोंगटी पडण्याआधी कळतं. पुढे यंत्रं गेली, संगणक आले, परीक्षा संगणकावर झाली, तरी वर्गात पाट राहिले. आता लालबागची चाळ पाडणार, वर्ग कॉटन ग्रीनला जाणार आणि तो श्रेया चालवणार. आजही पाण्याची बादली तिला उजव्या हातानं उचलता येत नाही. हे सांगायला हवं, कारण अशा समारंभात आपण सगळं गोड करून सांगतो, आणि ते दुखणं काही गोड नसतं.

महिन्यापूर्वी तिचा मला फोन आला. म्हणाली, मॅडम, सरांची इच्छा आहे की निरोपाला तुम्ही बोलावं. अकरा वर्षांनी तिचा आवाज ऐकला आणि मी फक्त म्हणाले, येते. फोन ठेवल्यावर दिवसभर मी स्वतःवर चिडलेली होते. एवढी मोठी शाखा चालवली, आणि एक वाक्य धड बोलता आलं नाही.

आता सरांना काय बोलू? सर, तुम्ही गावी चाललात. तिथे तुमच्या अंगणात माड आहेत, समुद्राचा वारा आहे, मिरचीचा खकाणा नाही. आम्ही शाल दिली, नारळ दिला, तुमच्या गावाला नारळ म्हणजे विहिरीला पाणी नेऊन ओतणं झालं, पण रीत आहे. माझ्या हाताला आज मोगऱ्याचा गजरा बांधता येतो, कणीक मळता येते, नातीचं दप्तर उचलता येतं. हे सगळं तुमच्यामुळे. आणि मी तुमची पहिली आलेली विद्यार्थिनी नाही, हे मला आज सगळ्यांसमोर सांगायचं आहे. पाठ सरळ ठेवायला मी तुमच्याकडून शिकले, पण तुमची पहिली विद्यार्थिनी तिसऱ्या खुर्चीवर बसली आहे.

भाषणाच्या शेवटी आभार मानायचे असतात. अध्यक्षांचे आभार, त्यांनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. अंकल, तुमचे आभार, यंत्राला हाक मारायला शिकवल्याबद्दल. समोर बसलेल्या तुम्हा सगळ्यांचे आभार, तुम्ही पाऊण तास एका बाईच्या बोटाची गोष्ट ऐकलीत. माझ्या बोलण्यात मान-अपमान राहिला असेल, कोणाचं नाव सुटलं असेल, तर ते पोटात घाला, असं म्हणून सगळे वक्ते खाली बसतात. मीही सदतीस वर्षं प्रत्येक निरोपाला असंच म्हणत आले. ते म्हणणं किती सोपं असतं, कारण ते सगळ्यांना एकदम म्हटलं की कोणालाच म्हणावं लागत नाही. माझी चूक सगळ्यांशी नाही झालेली. ती एकीशीच झाली

घंटी झाली. ऐकली, अंकल. सात अक्षरं उरली. सर, ठोके मोजाल तर जास्त भरतील, पण अक्षरं मी काल मोजून ठेवली आहेत, बरोबर सातच आहेत. हा शब्द पुरा करते आणि हात खाली सोडते.

श्रेया, माझं चुकलं.